तिथी बघा, चटई घ्या आणि या : वाचकांचे प्रश्न, सांगली-साताऱ्याचे कार्यक्रम

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, की आपल्या भागातलं गाणं, नाटक, जत्रा याबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा, आणि तुम्ही लोकांनी इतकं लिहून पाठवलंय की सगळं छापायचं म्हटलं तर वेगळा अंकच काढावा लागेल. ज्यांचे प्रश्न सारखे होते ते एकत्र केलेत. आत्ता श्रावण चालू आहे, त्यामुळं इथून पुढच्या वैशाखापर्यंत काय काय आहे तेवढंच धरून लिहिते.

प्रश्न : ताई, मी सहा वर्षं पुण्यात होतो, आता वर्क फ्रॉम होम मिळालं म्हणून विश्रामबागला घरी परत आलोय. पुण्यात डिसेंबर आला की सवाईची तिकिटं काढायची गडबड असायची. इथं तसलं काहीच नाही का? नेटवर शोधलं तर दांडिया नाइट आणि ऑर्केस्ट्रा एवढंच दिसतं. (एक वाचक, सांगली)

अहो, तुम्ही ज्या सवाईसाठी रांगेत उभं राहायचा ना, तो महोत्सव भीमसेनजींनी १९५३ साली आपल्या गुरूंच्या, सवाई गंधर्वांच्या आठवणीत सुरू केला, आणि त्या सवाई गंधर्वांचे गुरू म्हंजे उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब. ते आत्ता कुठं आहेत? मिरजेत, मिरासाहेब दर्ग्याच्या आवारात, तुमच्या घरापासून अर्ध्या तासावर. २७ ऑक्टोबर १९३७ ला मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेत ते गेले, पण दफन मिरजेत झालं कारण घर मिरजेतच केलेलं होतं. तुम्ही पुण्यात बसून ज्या झाडाची फळं खाल्ली त्याचं मूळ तुमच्या गावाशेजारी आहे, आणि हे मी तुम्हाला टोचून बोलायला म्हणत नाहीये, मलाही हे कळायला पंचवीस वर्षं लागली.

आता नेटवर का सापडत नाही ते सांगते. आपल्याकडचे बरेचसे कार्यक्रम तारखेवर नाहीत, तिथीवर आहेत. तुम्ही सर्चमध्ये महिना टाकता आणि इथं लोक म्हणतात "नवरात्रात", "उरुसाला", "वद्य पंचमीला". म्हणून पहिलं काम, भिंतीवरचं कॅलेंडर घ्या आणि पेनानं गोल करा.

पहिला गोल नवरात्राचा. मिरजेच्या अंबाबाईच्या देवळात नवरात्रात संगीत महोत्सव असतो, रोज रात्री देवीपुढं गायन-वादन. तिकीट नाही, खुर्चीचा नंबर नाही, चप्पल बाहेर काढायची आणि जागा मिळेल तिथं मांडी घालून बसायचं. माझे वडील मला खांद्यावर बसवून न्यायचे आणि मी अर्ध्या वेळ झोपलेली असायचे, पण आजही मालकंस राग ऐकला की मला आधी त्या देवळातल्या उदबत्तीचा वास येतो आणि मग सूर ऐकू येतो.

दुसरा गोल आश्विन वद्य पंचमीचा, म्हंजे कोजागरीनंतर पाच दिवसांनी. त्या दिवशी साताऱ्यातल्या औंधला जायचंच. औंध म्हंजे खटाव तालुक्यातलं, यमाईच्या डोंगराखालचं छोटं गाव, पण तिथला संगीत महोत्सव १९४० पासून चालू आहे, म्हंजे सवाईच्याही तेरा वर्षं आधीपासून! पं. अंतूबुवा जोशींनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ तो सुरू केला, पुढं त्यांचे चिरंजीव गजाननबुवा जोशी, जे गायकही मोठे आणि व्हायोलिन वाजवायलाही मोठे, त्यांनी चालवला, आणि आज त्यांच्या पुढची माणसं, शिष्य मंडळी चालवतायत. मोठमोठे कलाकार येतात आणि समोर शहरातले रसिक बसलेले असतात तसे गावातले शेतकरीही बसलेले असतात. सकाळी लवकर निघा, आधी डोंगरावरचं श्रीभवानी संग्रहालय बघा, औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभं केलेलं, राजा रविवर्म्याची मूळ चित्रं तिथं आहेत, आणि मग खाली येऊन गाण्याला बसा. कराडकडून पुसेसावळीवरून जाता येतं, साताऱ्याकडून रहिमतपूरवरून. मात्र रात्री परतायची एसटी मिळेल या भरवशावर राहू नका, चारजण मिळून गाडी करा.

तिसरा गोल मिरासाहेबांच्या उरुसाचा. हा हिजरी महिन्याप्रमाणं येतो त्यामुळं दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो, तेव्हा गेल्या वर्षीच्या तारखेवर जाऊ नका, मिरजेत कुणालाही विचारा. या उरुसात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते, दर्ग्याच्या आवारात चिंचेच्या झाडाखाली. खाँसाहेब स्वतः तिथं हजेरी लावायचे. आणि उरुसाचा पहिला गलेफ (मजारीवर घालायची चादर) चर्मकार समाजाच्या मानाचा असतो. हे सगळं एका आवारात एका वेळी चाललेलं असतं, ते जाऊनच बघावं लागतं, मी लिहून तुम्हाला तेवढं पोचणार नाही.

प्रश्न : नमस्कार ताई. माझी मुलगी बारा वर्षांची आहे, तीन वर्षं गाणं शिकते. मोबाईलवर तानपुऱ्याचं अ‍ॅप लावून रियाज करते पण बाई म्हणतात आता खरा तानपुरा घ्या. मिरजेत मिळतो एवढं माहीत आहे, बाकी काहीच कळत नाही. फसगत होईल अशी भीती वाटते. आणि एवढ्या लहान मुलीला रात्रीच्या मैफलीला न्यावं का? (एक आई, आष्टा)

तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण आष्ट्याच्या माणसाला खरं तर जगातला सगळ्यात चांगला तानपुरा घ्यायला तासाभराचाच प्रवास आहे. मिरजेत सतारमेकर मंडळींची अख्खी गल्ली आहे. हे मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. लढायांचे दिवस सरले तसे एकोणिसाव्या शतकात यांच्यातल्या फरीदसाहेबांनी वाद्यं करायला घेतली, आणि तलवार घासणारा हात तारेखालची घोडी (तार जिच्यावर टेकते ती पट्टी) घासायला लागला. पिढ्यानपिढ्या तेच काम चालू आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय टॅग म्हंजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळं आता बाहेर कुठं बनवून "मिरजेचा" म्हणून खपवता येत नाही.

आता घ्यायचं कसं. एकटं जाऊ नका, बाईंना बरोबर घ्या, आणि मुलीला तर घ्याच. माझ्या ओळखीच्या एका घरात वडील सरप्राइज म्हणून तानपुरा घेऊन आले, तो निघाला पुरुषी पट्टीचा, मोठा भोपळा, मुलीचा हात खुंट्यांपर्यंत पोचेना. बायकांचा तानपुरा आकारानं लहान असतो, साधारण काळी चार-काळी पाचला (पेटीच्या काळ्या पट्ट्यांवरून मोजतात) लागतो, पुरुषांचा मोठा, काळी एक-दोनच्या आसपास. मुलीचा आवाज अजून वाढायचाय, त्यामुळं पट्टीचं बाईंनाच ठरवू द्या.

दुकानात गेलात की नक्षी शेवटी बघा. आधी सांगा, चारही तारा लावून द्या (पंचम, दोन जोडीचे षड्ज आणि खर्ज) आणि मग कुणी काही बोलू नका, पाच मिनिटं नुसतं ऐका. घोडीवर तारेखाली सुती दोरा असतो, त्याला जीवा म्हणतात, तो केसभर इकडंतिकडं केला की तार एकदम बोलायला लागते, नुसतं टंण् न होता झंकार पसरतो, आणि षड्जाच्या पोटात गंधार ऐकू यायला लागतो. ही झाली जवारी. घोडीचा वरचा भाग कानानं ऐकत ऐकत घासून जवारी काढतात, ते काम मशीनला जमत नाही. मुलीला जर तो गंधार ऐकू आला आणि तिनं मान वर केली तर तोच तानपुरा घ्या. भोपळा कुठला आहे तेही विचारा, पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतात खास यासाठी लावलेले भोपळे येतात, ते वाळवून मग तुंबा होतो, सांगतील ते हौसेनं, कारागिराला असलं विचारणारं गिऱ्हाईक आवडतं. एक महत्त्वाचं, जवारी दोन-चार वर्षांनी उतरते, तेव्हा परत काढून कोण देणार हे आत्ताच ठरवून या. आणि तयार वाद्य नाही आवडलं तर ऑर्डर द्या आणि थांबा. थांबलेलं वाया जात नाही.

अ‍ॅपबद्दल बोलायचं तर प्रवासात, परीक्षेच्या दिवसांत चालतं की, माझ्याही फोनमध्ये आहे. पण स्वतःच्या बोटानं तार छेडून तिच्यात आवाज मिसळायचा हे मुलीच्या अंगात याच वयात मुरतं, हे मी अगदी मनापासून सांगते.

मैफलीला न्यायचं का? न्याच! पूर्ण बसवायचा हट्ट धरू नका. अंबाबाईच्या देवळात मागच्या बाजूला खांबापाशी बसा, शाल घ्या, डब्यात भडंग घ्या (देवळात नाही, बाहेर येऊन खायला), झोपली तर झोपू द्या. झोपेतही कान उघडे असतात. आणि सतारमेकर गल्ली आणि नवरात्र एकाच दिवशी साधता येतं, दुपारी वाद्य बघायचं आणि रात्री तेच वाद्य स्टेजवर कसं बोलतं ते ऐकायचं.

प्रश्न : वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, तरुणपणी संगीत नाटकांचे फार वेडे. आता गुडघ्यामुळं कुठं जात नाहीत, दिवसभर टीव्ही. त्यांना एखादं नाटक दाखवायचंय. कधी, कुठं? (एक वाचक, कुपवाड)

५ नोव्हेंबरला मोकळे राहा. ही मात्र तिथी नाही, तारीखच आहे. १८४३ साली याच दिवशी सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या दरबारी विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं, आणि म्हणून हा मराठी रंगभूमी दिन. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात ते यासाठी. दरवर्षी त्या दिवशी भावे नाट्यमंदिरात विष्णुदास भावे गौरवपदक दिलं जातं, रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या एका कलावंताला. त्याच्या पुढंमागं नाटकं असतात, आणि मग हौशी राज्य नाट्य स्पर्धेची सांगली केंद्राची फेरी येते, तिकीट अगदी नाममात्र असतं. बँकेत, शाळेत नोकरी करणारी माणसं ऑफिस सुटल्यावर दोन-दोन महिने तालमी करून तिथं उभी राहतात. वडिलांना ते बघू द्या, मला वाटतं त्यांना व्यावसायिक नाटकापेक्षा यातच जास्त रस येईल.

गुडघ्यांचं म्हणाल तर एक दिवस आधी थिएटरवर जाऊन बघून या, पायऱ्या कुठं कमी आहेत, कडेची खुर्ची कुठली, स्वच्छतागृह किती लांब. मी माझ्या आईसाठी हे न करता गेले होते एका नाट्यगृहात (सांगली-मिरजेतलं नव्हे), आणि तिला पहिल्या अंकानंतर परत आणावं लागलं, ते मला आजही लागून राहिलंय.

आणि नोव्हेंबरपर्यंत थांबायला नको असेल तर याच श्रावणात एखाद्या सोमवारी त्यांना रिक्षानं हरिपूरला न्या, श्रावण सोमवारची जत्रा असते संगमेश्वराला. कृष्णा-वारणेचा संगम, चिंचेच्या झाडांचा रस्ता. गोविंद बल्लाळ देवल याच गावचे, १८९९ ला शारदा नाटक रंगमंचावर आणणारे. सोमवारी गर्दी सोसणार नसेल तर मंगळवारी जा, पारावर बसवा आणि म्हणा, बाबा, म्हणा एखादं पद. बघा काय होतं ते. मिरजेत बालगंधर्व नाट्यगृह आहे तिथंही न्या कधीतरी, बालगंधर्वांनी किर्लोस्कर मंडळीत पहिल्यांदा शकुंतलेचं काम केलं ते मिरजेतच, १९०५ साली. वडिलांना हे माहीत असणार, तेच तुम्हाला पुढचं सांगतील.

प्रश्न : आमच्या गावच्या यात्रेच्या कमिटीत वाद चालू आहे. पोरं म्हणतात डीजे आणि ऑर्केस्ट्रा, म्हातारी माणसं म्हणतात तमाशा, बायका म्हणतात तमाशा असला की आम्ही घरात बसायचं का. तुम्ही सांगा. (यात्रा कमिटी सदस्य, कवठेमहांकाळ तालुका)

मी तमाशाच्या बाजूनं आहे हे आधीच सांगून टाकते, पण बायकांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, त्यामुळं नीट ऐका.

तुमच्या शेजारच्या मिरज तालुक्यात कवलापूर आहे, काळू-बाळूंचं गाव. तमाशातले जुळे भाऊ, आणि त्यांचा वग (तमाशातलं नाटक) बघायला लोक बैलगाड्या जोडून यायचे. शाहीर पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. अण्णाभाऊ साठे वाटेगावचे, त्याच तालुक्यातले, त्यांनी याच तमाशाला लोकनाट्याचं रूप देऊन कामगारांपुढं उभं केलं. म्हंजे ही कला आपल्या जिल्ह्यातच वाढली, आणि आज आपल्याच यात्रेत तिला शेवटचा नंबर. का? कारण आपण फडाला सुपारी देतो आणि वर सांगतो, गण-गवळण लवकर उरका, वग नको, पिक्चरची गाणी लावा. मग ते बिचारे तेच करतात, आणि मग आपणच म्हणतो की तमाशा बिघडला.

यंदा असं करून बघा. सुपारी देतानाच लेखी ठरवा, की गण, गवळण, बतावणी आणि पूर्ण वग पाहिजे, ढोलकी-हलगी-तुणतुणं सगळं पाहिजे. रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर लावता येत नाही, काही ठरावीक दिवशीच बारापर्यंत सूट असते, त्यामुळं पोलीस स्टेशनला आधीच अर्ज द्या आणि कार्यक्रम सात वाजता सुरू करा. याचा फायदाच होतो, बायका-पोरं जेवून येऊ शकतात. पुढच्या अर्ध्या मैदानात बायकांची बैठक ठेवा, वेगळा रस्ता ठेवा, लाइट भरपूर लावा, आणि दारू पिऊन येणाऱ्याला बाहेर काढायची जबाबदारी कमिटीतल्या चार दांडग्या माणसांवर नाव घेऊन टाका. नुसतं "सर्वांनी शांतता राखावी" असं माइकवर सांगून होत नाही. स्टेजवरच्या कलाकार बाईला सन्मान मिळाला की समोर बसलेल्या बाईलाही बसावंसं वाटतं, हे माझं बघितलेलं आहे.

पोरांना विसरू नका. त्यांना गजीनृत्याला, म्हंजे धनगरी ढोलावरच्या नाचाला घाला! तुमच्याच तालुक्यात आरेवाडीचा बिरोबा आहे, धनगर मंडळींचे ढोल तुमच्या कानाला नवीन नाहीत. तमाशाआधी तासभर गजी ठेवा, गावातली दहा पोरं महिनाभर शिकू देत एखाद्या जाणत्या माणसाकडं. डीजेच्या भाड्याचे पैसे त्या शिकवणाऱ्याच्या हातात पडले तर ते गावातच राहतील.

प्रश्न : मुंबईहून भाऊ-वहिनी मुलांना घेऊन येणार आहेत, त्यांना आपल्याकडचं काहीतरी वेगळं दाखवायचंय. (तासगाव, वाई आणि सातारा इथून तिघांचा असाच प्रश्न)

तासगावच्या वाचकाला काय सांगायचं, तुमच्याकडं ऋषिपंचमीला गणपतीचा रथ निघतो, हजारो माणसं दोरखंडानं ओढतात. बाकी महाराष्ट्रात गणपती नुकता बसलेला असतो आणि तासगावचा दीड दिवसात निघतोही. मुलांना दोराला हात लावू द्या, पण चाकांपासून लांब. दसऱ्याला आले तर विट्याला न्या, रेवणसिद्धाच्या पालख्यांची शर्यत बघायला. अनंत चतुर्दशीला आले तर मिरज, स्वागत कमानी आणि रात्रभर चालणारी मिरवणूक, पण कान नाजूक असलेल्या लहानग्यांना त्या दिवशी नेऊ नका, आदल्या संध्याकाळी कमानी बघून आणा.

वाई आणि साताऱ्याच्या वाचकांनी रंगपंचमीला बोलवावं. वाईजवळच्या बावधनचं बगाड, भैरवनाथाचं, एवढा मोठा लाकडी गाडा बैल ओढतात आणि वर बगाड्या, ज्याला होळीच्या वेळी कौल लावून निवडतात. सावली नाही, पाणी बरोबर घ्या, टोपी घ्या, बैलांच्या वाटेत उभं राहू नका. बगाड चुकलं तर मे महिन्यात वाईतच वसंत व्याख्यानमाला असते, शंभरी ओलांडलेली, मोठी मुलं असतील तर तिथं न्या.

प्रश्न : मी कविता करते, कुणाला दाखवलेल्या नाहीत. सांगली जिल्ह्यात वाचायला कुठं जागा आहे का? (एक विद्यार्थिनी, पलूस)

अगं, तुझ्याच तालुक्यात औदुंबर आहे! मकर संक्रांतीला तिथं साहित्य संमेलन असतं, सदानंद साहित्य मंडळाचं, कृष्णेच्या काठावर. यंदा नुसती जा, ऐक, तिळगूळ घे, आणि आयोजकांपैकी कुणाला तरी भेटून सांग की मी लिहिते. वही बरोबर ठेव. वाचायला सांगितलंच तर सगळ्यात लहान कविता वाच, आणि हात कापायला लागले तर कापू देत.

प्रश्न : आम्ही साताऱ्यात गेली पंधरा वर्षं छोट्या बैठका घेतो. तीस माणसं येतात, त्यातली वीस ठरलेली. आता दमलो. बंद करावं का? (निवृत्त शिक्षक, सातारा)

सर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. बंद करा असं माझ्यानं म्हणवणार नाही, पण दमलेल्या माणसाला "चालू ठेवा" म्हणणंही सोपं आहे, त्यामुळं तीन गोष्टी सांगते. वर्षाच्या बारा बैठका चार करा. प्रत्येक वेळी त्या वीसजणांनी एक-एक शाळकरी पोर बरोबर आणायचं असा नियम करा, पोरांना चहाऐवजी दूध द्या आणि पुढं बसवा. आणि पोस्टरवर तिथी लिहाल तिथं शेजारी तारीख आणि वेळही मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे त्या विश्रामबागच्या भावासारख्या माणसाला ती सापडेल.

पुढची बैठक कधी आहे ते मला अंकाच्या पत्त्यावर कळवा. मी येते, आणि मिरजेतून दोघांना घेऊन येते.